कॅमेऱ्यावर घेतलेला आळ

राजारामपुरीत फोटो स्टुडिओ चालवून मला चौतीस वर्षं झाली. या धंद्यात माणूस दोन प्रश्नांची उत्तरं देत देत म्हातारा होतो. पहिला प्रश्न, "पासपोर्ट किती वेळात मिळंल?" आणि दुसरा, गेल्या काही वर्षांत सुरू झालेला, "दादा, डीएसएलआर ठेवू का मिररलेस घेऊ?" दुसरा प्रश्न विचारणारे धंद्यातलेच असतात. कुणी कागलचा, कुणी गारगोटीचा, नवीन लग्नसराई तोंडावर आलेली. त्यांना वाटतं, जुना माणूस आहे, खरं सांगेल. मी सांगतोही. पण हाच प्रश्न माझ्या घरात आला तेव्हा मी सात महिने खोटं बोललो. गिऱ्हाइकाशी बोललो, पोटच्या पोरीशी बोललो, आणि ज्या कॅमेऱ्यानं नऊ वर्षं भाकरी दिली त्याच्यावर आळ घेतला. दिवाळी अंकात लोक आपले पराक्रम लिहितात. माझे असतील नसतील ते पराक्रम गिऱ्हाइकांच्या कपाटात अल्बममध्ये पडून आहेत. मी आपला हा आळ लिहितो.

ज्यांना या यंत्रांतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डीएसएलआर कॅमेऱ्याच्या पोटात एक बारका आरसा असतो. भिंगातून आलेला उजेड त्या आरशावरून वर फिरतो आणि समोरचं दृश्य तुमच्या डोळ्याला दिसतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, उजेड मागच्या सेन्सरवर पडतो, फोटो उमटतो, आरसा परत खाली बसतो. लग्नात तुम्ही जो 'खटाक्' ऐकता तो त्या आरशाचा. मिररलेसमध्ये हा आरसाच काढून टाकलाय. सेन्सरला जे दिसतं ते एका चिमुकल्या पडद्यावर येतं आणि फोटोग्राफर डोळा लावून तो पडदा बघतो. दुसरा मोठा फरक फोकसचा. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात लाल ठिपका कुठं ठेवायचा ते माझ्या डोळ्यानं ठरवायचं. ठिपका जिथं, तिथं फोटो धारदार. नवा मिररलेस माणसाचा डोळा स्वतःच ओळखतो. त्याच्यावर एक बारका चौकोन धरतो आणि माणूस हलला तरी सोडत नाही.

आता या सगळ्यात माझा डोळा कुठं आला ते सांगतो. मी उजव्या डोळ्यानं बघून फोटो काढणारा. आणि त्या उजव्या डोळ्याला मधोमध दिसेनासं झालं होतं. कडेचं सगळं दिसायचं, पण जिथं नेमकं बघायचं तिथंच काहीतरी फासल्यासारखं. दाराची चौकट वाकडी दिसायची, छापलेल्या ओळीतला मधला शब्द गायब व्हायचा. कधीपासून, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. फोटोग्राफरचा डोळा गेलाय ही बातमी एकदा बाहेर पडली की संपलंच की! आंधळ्या ड्रायव्हरच्या गाडीत कोण बसेल?

मला दोन मुली. थोरली मंजिरी लग्न होऊन सांगलीला. धाकटी सायली माझ्याबरोबर स्टुडिओत, आधी नुसती कॉम्प्युटरवर बसायची, आता फोटोही काढते. कॉलेज शिकली तरी अस्सल कोल्हापूरची आहे, 'मी येतो, मी जातो' असंच बोलते. पुण्याच्या पाहुण्यांना त्याची गंमत वाटते. आम्हाला नाही वाटत.

तर हुपरीचं लग्न. आनंदराव म्हणून चांदीचे पैंजण घडवणारे कारागीर, घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचा कारखाना. त्यांची मुलगी, तिला घरात सगळे अक्का म्हणायचे, तिचं लग्न. हुपरीचा माणूस चांदीत किती जीव ओततो ते बघायचं असेल तर अक्काच्या मुंडावळ्या बघायला हव्या होत्या. बापानं स्वतःच्या हातानं मणी घडवून ओवल्यात, असं सगळे सांगत होते. सुपारी देतानाच मला म्हणाले, "पावणं, बाकी काय बी चुकलं तर चालंल. अक्षता पडताना अक्काचं त्वांड तेवढं झ्याक आलं पायजे."

या फोटोला आमच्या धंद्यात दुसरी संधी नाही. हार परत घालायला लावता येतात, घास परत भरवायला लावता येतो, आणि आम्ही लावतोही. पण मंगलाष्टकं संपून अंतरपाट बाजूला होतो आणि ती दोघं समोरासमोर येतात, ते दोन-तीन सेकंद गेले की गेले. त्या वेळी मी एक ठरावीक भिंग लावतो, ज्यानं मागची गर्दी विरघळून जाते आणि चेहरा तेवढा उठून येतो. त्याची खोड अशी की धारदार येणारा पट्टा जेमतेम बोटभर जाडीचा. ठिपका डोळ्यावर असेल तर डोळा धारदार. ठिपका बोटभर पुढं गेला तर डोळा गेला.

अंतरपाट निघाला. अक्कानं मान वर केली. मुंडावळ्या तिच्या गालांपुढं झुलत होत्या, चांदी लखलखत होती. मला मधोमध काहीच दिसत नव्हतं, जे चमकलं त्याच्यावर ठिपका ठेवला आणि चौदा फोटो ओढले. वाटलं, जमलं.

इथं दुसरी चूक केली, ती आमच्या पिढीची. मी रिळाच्या काळातला माणूस. रिळाच्या कॅमेऱ्याला मागं पडदा नव्हता, फोटो काढला की धुऊन येईपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. त्यामुळं काढलेला फोटो मागच्या पडद्यावर वळून बघणाऱ्या पोरांना मी हसायचो. म्हणायचो, "बटण दाबताना कळलं नाही, ते मागं बघून काय कळणार?" ही माझी घमेंड. त्या दिवशी एकदा जरी मागं बघून फोटो मोठा केला असता, तरी पुढच्या फोटोंना सायलीला उभं केलं असतं.

आमच्याकडं अल्बमचे फोटो निवडायला अख्खं घर येतं. स्टुडिओतल्या दोन बाकांवर सात-आठ माणसं, कॉम्प्युटरवर सायली, आणि भांडण ठरलेलं. "मावशीचं सात आन् आत्याचं दोनच? उद्या आत्या उंबरा चढंल का?" असं चालतं. हुपरीकरांचंही तसंच हसत-खेळत चाललं होतं. मग अक्षतांचे फोटो आले आणि आनंदराव पुढं सरकून बसले. सायलीनं एक उघडला, दुसरा उघडला, तिसरा उघडला. आनंदरावांनी बोट पडद्याजवळ नेलं.

"मुंडावळ्या लई झ्याक आल्यात की पावणं. मणी अन् मणी दिसतोय." मग थोडं थांबून म्हणाले, "पर ह्यात अक्का कुठं हाय?"

मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते असं: "कॅमेऱ्यानं दगा दिला, आनंदराव. नऊ वर्षांचा झालाय. फोकस मागं-पुढं करायला लागलाय."

सायलीचा हात माऊसवर तसाच राहिला. आनंदरावांच्या बायकोनं पदरानं डोळे टिपले. आनंदराव म्हणाले, "असू दे. यंत्र हाय. यंत्राला काय बोलायचं?" सायलीनं बाजूनं काढलेला एक बरा फोटो त्यांनी निवडला, चहा घेतला आणि मंडळी गेली. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. कोल्हापूर भागातला माणूस आणि न चिडता गेला, याचा अर्थ त्याला खरोखर लागलं होतं.

दुसऱ्याच दिवशी सायलीनं विषय काढला. "पप्पा, कॅमेरा दगा देतोय म्हणताय, तर मग मिररलेस घेऊया की."

झालं! आता बसा. कॅमेरा निर्दोष आहे हे मला ठाऊक, पण ते म्हणावं तर दोषी कोण ते सांगावं लागणार. आणि तिचं ऐकून नवा घ्यावा तर निर्दोष माणसाला चोर ठरवून कामावरून काढल्यासारखं. मग मी काय केलं, वाद घालायला लागलो. मिररलेसच्या विरुद्ध जगात जेवढे मुद्दे आहेत तेवढे मी त्या सात महिन्यांत पाठ केले. बॅटरी लवकर संपते. जुनी भिंगं जोडायला मध्ये कडी लागते. हातात वजन नाही, पाव किलोचं वांगं धरल्यासारखं वाटतं. डोळ्याला खिडकी हवी, टीव्ही कशाला लावायचा? यातले निम्मे मुद्दे खरे आहेत, आजही मी विचारणाऱ्याला सांगतो. पण मी ते बोलत होतो ते मुद्दे खरे म्हणून नव्हे.

तिच्या बाजूचेही मुद्दे होते आणि त्यातला एक तर मी स्वतःच तिला कधीतरी सांगितलेला. शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये बौद्ध पद्धतीचं लग्न होतं. वधू-वर दोघं पांढऱ्या शुभ्र कपड्यांत, मागं पांढरा पडदा, म्हणजे फोटोग्राफरची परीक्षाच. पांढऱ्यावर पांढरं काढताना साडीची घडी दिसली पाहिजे आणि चेहरा काळवंडता कामा नये. मी त्या गणितात गुंग होतो. वंदना सुरू झाली, सगळा हॉल हात जोडून उभा, टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि माझं चाललेलं खटाक्, खटाक्, खटाक्. नवरदेवाची मावशी शाळेत मुख्याध्यापिका होती. ती माझ्याजवळ आली आणि कानाशी म्हणाली, "भाऊ, फोटो नसला तरी चालेल हो. आमच्या वंदनेत मिठाचा खडा नको." मी कॅमेरा खाली घेतला आणि पुढची सगळी वंदना हात जोडून उभा राहिलो. त्या शांततेत त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी बघितलं, पण त्याचा फोटो नाही. मिररलेस असता तर आवाज न करता काढता आला असता. सायली हाच मुद्दा पुन्हापुन्हा काढायची आणि मी परत बॅटरीवर घसरायचो.

शेवटी तिनं एका मैत्रिणीचा मिररलेस आठ दिवसांसाठी आणून माझ्यापुढं ठेवला. "वापरून तर बघा. चावत नाही."

त्या आठ दिवसांतली एक गंमत सांगतो. करवीर तालुक्यातले एक तात्या पेन्शनच्या कामासाठी फोटो काढायला आले. फेटा नीट केला, छाती काढून बसले, श्वास रोखून धरला. मी आवाज बंद ठेवून तीन फोटो काढले. तात्या श्वास धरूनच. तोंड लाल व्हायला लागलं.

"झालं तात्या, सोडा श्वास."

"काडला?"

"तीन काढले."

"अवाज न्हाय आला."

"ह्याला आवाज नसतो, तात्या."

"अवाज न्हाय तर फोटु कसला आला? आमाला फुकटात बसवू नगा. अवाजाचा काडा."

काय करता? मग मला सायलीनं दाखवलं की त्या कॅमेऱ्यात खोटा आवाज काढायची सोय आहे. बटण दाबलं की आत काहीही न हलता स्पीकरमधून 'खटाक्' वाजतं. तात्यांना मी चांगले पाच खटाक् ऐकवले. खूश होऊन गेले. आम्ही बापलेक पोट धरून हसलो आणि हसता हसता माझ्या मनात आलं, बाबा रे, तू तरी दुसरं काय करतोयस? आत काही हलत नाही आणि बाहेर आवाज चालू आहे.

त्याच आठवड्यात एकदा दुपारी सायली समोर बसून डबा खात होती आणि मी सहज तो कॅमेरा डोळ्याला लावला. उजव्या डोळ्याला तेच फासलेलं. मग गुपचूप डाव्या डोळ्याला लावला. डाव्या डोळ्यानं फोटो काढायची सवय नाही, नाक मागं टेकतं, हात अवघडतो. पण तिच्या डोळ्यावर तो बारका चौकोन येऊन बसला. ती भाकरी मोडायला वाकली, चौकोन वाकला. तिनं पाणी प्यायला मान वर केली, चौकोन वर गेला. मी काहीच करत नव्हतो, नुसता धरून उभा होतो. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्याबरोबरच इतकी लाज वाटली की मी कॅमेरा ठेवून मोरीत जाऊन तोंड धुतलं. चौतीस वर्षं जे काम माझा डोळा करत होता, ज्याच्या जिवावर मी लोकांना हसत होतो, ते काम ते यंत्र आपोआप करत होतं.

शेवटी मी हो म्हटलं. दसऱ्याच्या मुहूर्तावर नवा कॅमेरा आणायचा ठरला. जुना विकायचा नाही, कपाटात ठेवायचा, एवढी एक अट मी घातली. म्हणजे सगळं सुरळीत झालं होतं. नवा कॅमेरा चेहरा सांभाळणार, माझा डोळा झाकून राहणार, आणि माझं खोटं कायमचं खरं होणार. जुना होता, दगा देत होता, बदलला.

आणि मग आली खंडेनवमी. कोल्हापुरात त्या दिवशी ज्याचं जे हत्यार त्याची पूजा. आम्ही आदल्या दिवशी सगळं पुसून ठेवतो आणि सकाळी पाटावर मांडतो. कॅमेरे, भिंगं, फ्लॅश, ट्रायपॉडसुद्धा. हळदकुंकू भिंगाला लागू नये म्हणून ते कॅमेऱ्याच्या पट्ट्याला लावायचं, ही आमच्या धंद्याची रीत. सायलीनं झेंडूची माळ घातली, मी उदबत्ती ओवाळली. ती सहज म्हणाली, "ह्याची शेवटचीच पूजा म्हणा की. उद्या नवीन येणार."

मी नमस्काराला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. ज्याच्यावर खोटा आळ घेतला त्याच्याच पाया पडायचं? मी फार देवभोळा माणूस नाही. पण हत्यारापुढं खोटं बोलू नये एवढं मला माझ्या गुरूनं शिकवलंय. "मी जरा जाऊन येतो," एवढंच म्हणालो आणि सरळ स्टँडवर जाऊन हुपरीची एसटी धरली.

आनंदरावांच्या घरीही पूजा चालली होती. पाटावर चिमटे, हातोड्या, फुंकणी, तारा ओढायची पट्टी, सगळं ओळीनं. ते फुलं वाहत होते. मला बघून "या पावणं, बसा" म्हणाले आणि परत फुलं वाहायला लागले. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच बोललो.

"आनंदराव, कॅमेऱ्यानं दगा दिला नव्हता. माझा उजवा डोळा गेलाय. मला अक्काचा चेहरा दिसतच नव्हता. मी तुमच्याशी खोटं बोललो."

त्यांनी हातातलं फूल चिमट्यावर ठेवलं. म्हणाले, "ठावं हाय."

"कसं काय?"

"तुमी कांपुटरवर फोटु बघताना मान अशी फिरवून डाव्या डोळ्यानं बघत हुता. मी बी तसंच बघतोय, चार वर्सं झाली." त्यांनी पाटाकडं बोट केलं. "घुंगरू जोडायचं काम आता घरची करती. मी नुसता बसतोय. बाजारात अजून म्हंत्यात, आनंदाचा हात लई बारीक हाय. मी बी व्हय म्हंतोय."

मी विचारलं, "मग त्या दिवशी बोलला का नाही?"

"तुमची लेक बसली हुती की शेजारी. बापाला लेकीफुडं उघडं पाडू व्हय?"

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दिसणाऱ्याही आणि न दिसणाऱ्याही. आनंदरावांनी ते बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि विचारलं, "तिला सांगितलंसा?"

"नाही."

"मग हितं कशाला आलाय? चुकीच्या दारात आलाय पावणं. च्या घ्या आन् पयल्या गाडीनं जावा."

असा हा कोल्हापुरी पाहुणचार! चहा घेतला, पहिल्या गाडीनं आलो. सायली दुकानाच्या दाराला तोरण बांधत होती. तिला आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि जे हुपरीला बोललो तेच बोललो. तिनं ऐकून घेतलं. हातातला दोरा बोटाला गुंडाळत राहिली.

"मला माहीत होतं, पप्पा."

मी खाऊ की गिळू अशा नजरेनं बघितलं असणार. कारण ती घाईनं पुढं बोलली, "फोकस कुठं होता ते फाईलमध्ये दिसतं. कॉम्प्युटरवर उघडलं की लाल ठिपका येतो. मी त्याच रात्री बघितलो. चौदाच्या चौदा फोटोंत ठिपका मुंडावळ्यांवर होता. तुम्ही जिथं सांगितलात तिथंच गेलाय कॅमेरा. त्यानं काही दगा दिला नव्हता."

चौतीस वर्षं धंदा केला आणि फाईलमध्ये ठिपका राहतो हे मला ठाऊक नव्हतं.

"मग सात महिने कॅमेरा बदला, कॅमेरा बदला का लावलंस?"

"तुम्ही कॅमेऱ्याचं नाव घेतलात. मग मी पण कॅमेऱ्याचंच बोलत राहिलो. म्हटलं, डोळ्यावर चौकोन धरणारा आला की तुमचं काम निघंल आणि तुम्हाला कुणापुढं काही सांगावं लागणार नाही." मग तिचा आवाज बदलला. "पण तुम्ही मला सांगाल असं वाटत होतं. रोज वाट बघत होतो मी."

मला आधी राग आला, मग रागाचा राग आला. दसऱ्याला नवा कॅमेरा आला नाही. सायली म्हणाली, कॅमेरा राहू दे, आधी डोळा. दसरा झाल्यावर दवाखाने उघडले तसं तिनं मला राजारामपुरीतच एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

बाईंनी चौकटी चौकटींचा कागद दाखवला, डोळ्यात औषध घालून आतला पडदा बघितला, मशीनवर हनुवटी टेकायला लावून फोटो काढला. हो, माझ्या डोळ्याचाही फोटोच काढला, आणि चांगला धारदार आला होता. मग त्यांनी समजावून सांगितलं. पडद्याचा मधला भाग खराब झालाय. उजव्याचं जे गेलं ते परत येणार नाही, जे आहे ते इंजेक्शनं देऊन राखता येईल. डावा चांगला आहे, त्याला जपायचं.

"किती दिवसांपासून होतंय हे?"

सायली म्हणाली, "सात-आठ महिने झाले, मॅडम."

"दीड वर्ष," मी म्हणालो.

बाईंनी लिहून घेतलं. तेव्हाच आला असता तर बरंच वाचलं असतं, एवढं म्हणाल्या. ते मलाही कळत होतं. मी डोळा लपवत बसलो आणि तेवढ्यात तो निघून गेला, याचं वाईट मला मरेपर्यंत वाटणार आहे.

औषधानं सगळं धूसर झालं होतं म्हणून आम्ही दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसलो. सायली बोटांवर काहीतरी मोजत होती.

"दीड वर्ष म्हणजे ताईच्या लग्नातसुद्धा?"

गेल्या वर्षीच्या मंजिरीच्या लग्नात मी वधूपिता. फोटोचं काम माझ्या धंद्यातल्या तिघा दोस्तांनी अंगावर घेतलं होतं. पण अक्षता पडतानाचा फोटो मी काढणार असं मी महिनाभर आधीपासून सगळ्यांना सांगत होतो. मंगलाष्टकं संपत आली तसा मी कॅमेरा डोळ्याला लावला. माझ्या पोरीच्या चेहऱ्याच्या जागी मला काहीच दिसेना. मी कॅमेरा काढला आणि शेजारी उभ्या सायलीच्या हातात दिला. "तू काढ," म्हणालो. तोवर मी तिला लग्नात कॅमेऱ्याला हात लावू दिला नव्हता. माझ्याकडं कॅमेरा, तिच्याकडं कॉम्प्युटर, असा आमचा शिरस्ता. भोवतीचे पाहुणे म्हणाले, बापाचं काळीज हो, भरून आलं त्याला. सायलीनं जो फोटो काढला तो आज आमच्या स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर आहे. त्या दिवसापासून ती फोटो काढायला लागली. त्या दिवसाबद्दल ती काय मानते ते तिच्या मैत्रिणींनी मला सांगितलेलं आहे. ती त्यांना म्हणाली होती, पप्पांनी सगळ्या जगातला सगळ्यात मोठा फोटो मला दिला.

"म्हणजे तेव्हा कॅमेरा दिलात," ती सावकाश म्हणाली, "तो दिसत नव्हतं म्हणून?"

खोटं माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. आणि या वेळी ते मला वाचवायला नव्हतं, तिला वाचवायला होतं, त्यामुळं ते गोडही वाटत होतं.

"व्हय," मी म्हणालो. "दिसत नव्हतं म्हणून दिला."

तिनं मान खाली घातली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, दोन्ही डोळ्यांनी.

"पण सायली, माझे तिन्ही दोस्त तिथंच उभे होते. तिघंही माझ्यापेक्षा सरस. एकानं तर कॅमेरा घ्यायला हात पुढं केला होता. त्याच्या हातात दिला नाही मी. तुझ्या हातात दिला."

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, क्लासची पोरं सायकली घेऊन चालली होती. मग तिनं ओढणीनं नाक पुसलं, उठली, मला उठवायला हात दिला.

"मिररलेसच घेऊया, पप्पा," ती म्हणाली. "पण आता माझ्या हाताला बसंल असा बघूया."